मला वर्गाबाहेर ठेवलं तो दिवस

मित्रांनो, बोटावरच्या रक्ताच्या एका थेंबातून साखर सांगणारा मी एक जुनाट ग्लुकोमीटर. काचेवर चरे पडलेत, बटण दोनदा दाबावं लागतं, पण आकडा अजून चोख सांगतो.

कारखान्यातून मी औषधांच्या दुकानात आलो आणि तिथून छबीच्या दप्तरात. छबीला सहाव्या वर्षीच मधुमेह झाला. "हा माझा पहारेकरी," असं ती मैत्रिणींना ऐटीत सांगायची. डॉक्टरीणबाईंनी तिच्या आईबाबांना बजावलं होतं, "साखर फार उतरली की मेंदू उपाशी राहतो, पोरीला साधी बेरीजसुद्धा सुचायची नाही. सारखी चढलेली राहिली तरी लक्ष टिकत नाही. जपा." घरात सगळे डोळ्यांत तेल घालून जपत.

शाळेत मात्र गणिताच्या परीक्षेला बाईंनी फर्मान काढलं, "दप्तरं बाहेर! बॅटरीवर चालणारं काहीही आत नको." म्हणजे मीही बाहेर! मी काय तिला उत्तरं पुरवणार होतो? माझा नुसता जळफळाट झाला.

तासाभरानं छबी घामाघूम होऊन, भिंत धरत बाहेर आली. शाळेतल्या मावशींनी तिला सावरलं, तिचं बोट माझ्यापाशी आणलं. अठ्ठेचाळीस! सत्तरच्या खाली गेली की धोका. मावशींनी झटपट ग्लुकोजचं पाणी पाजलं. पेपरात छबीनं एकच उत्तर सात ठिकाणी लिहिलं होतं. बाईंनी प्रगतिपुस्तकात लाल शाईनं शेरा मारला, 'बुद्धी मंद. खालच्या वर्गात बसवावे.'

बाबा मला घेऊन तडक शाळेत गेले. ती तारीख, ती वेळ, तो आकडा, सगळं माझ्याजवळ साठवलेलं होतं.

"मग तिनं सांगायचं ना!" बाई म्हणाल्या.

"बाई, सांगायलाही डोकं लागतं. तेच तर चालत नव्हतं."

बाई ओशाळल्या. परीक्षा पुन्हा झाली. या खेपेला मी बाकावर होतो आणि साखर एकशे दहा. छबीला वीसपैकी सतरा गुण मिळाले. बाईंनी शेरा खोडला, पण खोडलेलं वाचता येतंच. छबी ते पान पुन्हा पुन्हा उघडते.

"बाबा, मी खरंच मंद आहे का?"

ते ऐकलं की माझं पित्त खवळतं. मित्रांनो, मी मोडलो तर नवा ग्लुकोमीटर मिळेल, माझं काही नाही. पण अशा मुलीला मठ्ठ म्हणण्याआधी तिचं बोट एकदा माझ्याकडे द्या. पाच सेकंद लागतात.