लाल लोकर बांधलेली झाडं

तळघरातल्या दिव्यांखालचे सगळे ट्रे हिरवे झाले होते. एकच काळा राहिला होता. हार्लन रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन खाली उतरे आणि त्या एका ट्रेवर वाकून उभा राही. बाहेर विस्कॉन्सिनचा मार्च अजून बर्फ धरून होता.

त्या ट्रेमध्ये त्याने आपल्या बायकोच्या, लोरेनच्या, स्ट्रॉफ्लॉवरचं बी पेरलं होतं; निदान ते बी असावं, अशी त्याला आशा होती. कागदासारख्या पाकळ्यांची ही फुलं गावात कुणीही लावतं. पण पिकल्या जर्दाळूचा रंग आणि कडेला गुलाबी झाक, हे वाण फक्त तिचं. दरवर्षी मनाजोगती झाडं निवडून, त्यांचं बी धरून तिने ते घडवलं होतं. शिळ्या बियाण्यावर तिचा विश्वास नसे. वसंतात ती होतं तेवढं पेरून टाकी आणि हंगामअखेर नवं धरी. बियाण्यासाठी राखलेल्या झाडांना तिने लाल लोकर बांधलेली असे.

ऑगस्टमध्ये ती गेली. दफनाच्या आदल्या सकाळी हार्लन कात्री घेऊन वाफ्यात शिरला. तिच्या पुष्पचक्रासाठी सर्वांत देखणी फुलं हवीत, म्हणून त्याने लोकर बांधलेल्या झाडांचीच निवडली आणि तिनेच शिकवल्याप्रमाणे, पुरती उमलायच्या आत, एकूण एक कापली. इतक्या लवकर कापलेल्या फुलात बी धरत नाही. उरलेली ओळ चर्चच्या सजावटीला गेली. मागाहून आलेल्या कळ्या थंडीने करपल्या. आता ट्रेमध्ये होतं ते त्याच पुष्पचक्रातून झटकलेलं काहीबाही.

"हार्लन! जिवंत आहेस ना? हाका मारून घसा बसला माझा." लोरेनची धाकटी बहीण नोला भलंमोठं खोकं सांभाळत पायऱ्या उतरली. ट्रेकडे पाहून म्हणाली, "मातीने झाकलंस ना बी? खरं सांग."

"उजेड नसेल तर ते रुजत नाही, एवढं कळतं मला. जन्मभर ऐकलंय तिचं."

"तू ऐकलंयस? ती तर म्हणायची, याच्यापेक्षा भिंत बरी, निदान मान तरी डोलवत नाही."

हार्लन हसला. कितीतरी दिवसांनी.

खोक्यात लोरेनचीच वाळवलेली फुलं होती. चर्चमधली परडी, न्हाव्याच्या दुकानातला गुच्छ, ग्रंथालयातली माळ.

"दारोदार फिरून मागितली. कुणी नाही म्हणालं नाही. इतक्या फुलांत एखादं तरी उशिरा कापलेलं असेल की नाही? एखादं तरी बी धरलेलं?"

दोघं टेबलाशी बसली. फूल उकलायचं, मधला कापूस चोळायचा, फुंकर घालायची.

"हे बघ, हे?"

"भुसा."

"आणि हे?"

हार्लनने नुसती मान हलवली. टेबलावर जर्दाळूरंगी पाकळ्यांचा ढीग वाढत गेला.

"एकदासुद्धा चुकली नाही बया," नोला म्हणाली. "एकदासुद्धा उशीर केला नाही." मग ती थांबली आणि इतके महिने न विचारलेलं विचारून मोकळी झाली. "तुला लोकर दिसली नव्हती का रे?"

"दिसली होती."

"मग?"

"सगळ्यांत चांगली होती ती, नोला. तिला दुसरी कशी द्यायची?"

नोला बराच वेळ बोटांना चिकटलेला कापूस काढत राहिली. "तू कापत होतास तेव्हा परडी मीच धरली होती," ती म्हणाली. "लोकर मलाही दिसली होती."

उकलायची राहिलेली मूठभर फुलं ओल्या ट्रेच्या कडेला पडली होती. नोलाची नजर तिकडे गेली आणि ती दचकली. पसरलेल्या पाकळ्या आत वळून मिटल्या होत्या.

"हार्लन, ही..."

"नाही. ओल लागली की मिटतात. वाळलेलीसुद्धा."

त्याने एक उचललं. लोरेन कापायची तेव्हा ते बरोबर एवढंच उमललेलं असे.

"वर नेऊ का स्टोव्हजवळ?" नोलाने हळूच विचारलं. "परत उघडतील."

"नको," हार्लन म्हणाला. "थोडा वेळ अशीच राहू दे गं."