उजव्यावरून डावा

डाव्या बाजूला होतं ते एवढंच: शेंगदाण्याएवढा एक उंचवटा, त्याखाली पाळीसारखी एक घडी आणि दोहोंच्या मध्ये दोन खळगे. भोक नव्हतं. उजव्या बाजूला मात्र सगळा कान होता, बासष्ट मिलिमीटर उंच, चौतीस मिलिमीटर रुंद, पाळी टोचलेली.

रितिका जन्मली तीच अशी. नरखेड तालुक्यातल्या त्यांच्या गावात सोनार कान टोचायला घरी आला, तेव्हा उजवा टोचून झाल्यावर त्याने डावीकडे पाहिलं आणि तार डबीत ठेवून दिली, असं आई सांगायची. पुढे शाळेच्या दोन वेण्या आईच घालून द्यायची, आणि डावी वेणी अशी वळवून लाल रिबिनीत बांधायची की कुणाला काही दिसू नये. मग वेण्या गेल्या, मोकळे केस आले. पंचविसाव्या वर्षीही ते मोकळेच होते. नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा अंगावरचं कातडंसुद्धा काढून कुलरसमोर टांगावं असं वाटतं, तेव्हाही.

एम.एस्सी. झाल्यावर तिने बुटीबोरीच्या एका औषध कंपनीत नोकरी धरली, ती टोपीसाठी. तिथल्या लॅबमध्ये सगळ्यांनाच कानांवरून टोपी घालावी लागे. दिवसाचे आठ तास तिथे कुणालाच कान नसत. जेवणाच्या वेळी ती डाव्या भिंतीला लागून असलेली खुर्ची धरायची, म्हणजे माणसं उजवीकडून येत. डावीकडून कुणी बोललं तर तिला बहुतेक कळतच नसे आणि हे तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं. डबे झाले की मुली घोळका करून उभ्या राहत. घोळक्यात डावी बाजू कुणाला तरी द्यावीच लागते, म्हणून ती घोळक्यात जात नसे.

शहरातल्या एका दंत महाविद्यालयात कवळ्यांसोबत सिलिकॉनचे कानही करून देतात असं कळल्यावर ती एकदा तिथे जाऊन आली होती. डॉक्टरबाई चांगल्या होत्या. उजव्या कानाचा ठसा घेऊ, त्यावरून मेणाचा डावा कोरू, मग सिलिकॉन ओतू, असं त्यांनी नीट समजावलं.

"ठसा घेताना आमचे दहा-बारा विद्यार्थी बघायला असतील. चालेल ना?"

चालेल, असं म्हणून रितिका उठली आणि पुन्हा गेली नाही. बाहेर पडताना तिथला तंत्रज्ञ मात्र हसत बोलून गेला होता, "नमुना तुम्हीच घडवून आणला, तरी आम्ही ओतून देऊ." तो गंमत करत होता. रितिकाने ते वाक्य जसंच्या तसं मानेवाड्यातल्या आपल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत आणलं आणि त्याच आठवड्यात लॅपटॉपवर शिल्प घडवायचं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं.

पडद्यावर मधोमध एक राखाडी गोळा आला. तो ओढायचा, फुगवायचा, चिमटायचा, गुळगुळीत करायचा. प्रत्येक कामाला वेगळा ब्रश. पहिल्या संध्याकाळी गोळ्याचा बटाटा झाला. शिवाय ती एका बाजूला काही ओढी, की दुसऱ्या बाजूलाही आपोआप तेच उमटे. दोन्ही बाजू सारख्या ठेवायची सोय सुरुवातीलाच चालू असते हे तिला माहीत नव्हतं. ती बंद कुठे करायची हे शोधण्यात दुसरी संध्याकाळ गेली. गोळ्यावरची रेघांची जाळी बारीक केल्याशिवाय कानाची कड नीट उमटत नाही आणि फार बारीक केली की लॅपटॉपचा पंखा कण्हायला लागतो, हे तिसऱ्या संध्याकाळी कळलं.

शिकवणारा एक माणूस होता. त्याचा चेहरा व्हिडिओत कधी दिसत नसे, फक्त आवाज. "देखिए, घबराना नहीं है," असं तो दर दोन मिनिटांनी म्हणायचा. रितिका इयरफोनचं एकच टोक उजव्या कानात घालायची, दुसरं गळ्यात लोंबत असायचं. काही दिवसांनी ती त्याला उत्तर द्यायला लागली. "नाही घाबरत." मग एकदा तिच्या लक्षात आलं, की शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसची बस सोडल्यापासून सोमवारपर्यंत तिने उच्चारलेले शब्द तेवढेच होते.

बघून घडवायला समोर कान हवा. तिने टेबलावर लॅपटॉपच्या शेजारी आरसा उभा केला, उजवीकडचे केस क्लिपने मागे घेतले, मान वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत बघत कान रचायला घेतला. आधी वाटी, मग वाटीच्या तोंडाशी असलेला तो लहानसा दरवाजा, मग कड. कड कुठे सुरू होते हे तिने पंचवीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. ती वाटीच्या आतून उगवते, वर चढते, वळते आणि पाळीत विरून जाते. हे कळल्यावर शहर बसमध्ये ती लोकांचे कान बघू लागली. कुणाचेही दोन कान सारखे नव्हते. एका कंडक्टरचा एक कान बाहेर आला होता आणि दुसरा डोक्याला चिकटलेला, आणि त्याचं त्याला काहीच नव्हतं.

महिन्याभराने कान झाला. मापं जुळत होती. आता उजव्याचा डावा करायचा. व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं त्याप्रमाणे तिने अख्खा कान निवडला, उलटवायची आज्ञा दिली, फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि धरमपेठेत, आर्किटेक्चरची मुलं जिथे इमारतींचे नमुने थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतात त्या दुकानात नेऊन दिली. मशीनवर अश्विन नावाचा माणूस बसायचा.

"प्रोजेक्ट आहे का?"

"हो. झूलॉजीचं," रितिका म्हणाली.

शनिवारी तो राखाडी प्लॅस्टिकचा कान घेऊन ती घरी आली, दार लावलं, केस वर केले आणि कान डावीकडे धरला. आरशात पाहिलं. पाळी खाली होती, टोक वर होतं, सगळं होतं. पण वाटीचं तोंड मागे वळलेलं. पाठीमागून कोण येतंय ते ऐकायला लावल्यासारखा कान. तिने तो उजवीकडे नेला. तिथे तो चपखल शोभला. तिच्या हातात दुसरा उजवा कान होता.

चूक कळायला तिला फार वेळ लागला नाही. आरशात दिसणारा उजवा कान हा मुळात डावाच असतो. तिने महिनाभर बघून बघून डावाच घडवला होता आणि मग शिस्तीत तो उलटवून पुन्हा उजवा केला होता. आरशातली प्रतिमा कशी उलटी होते, हे दहावीच्या मुलांना तिने शिकवणीत शिकवलं होतं. ती हसली. हसण्याचा आवाज खोलीत तिचा एकटीचाच आला, तेव्हा थांबली.

"परत कानच?" पुढच्या शनिवारी अश्विनने विचारलं. "का मॅडम, प्रोजेक्टमध्ये नापास झाला का पहिला?"

"झाला," ती म्हणाली.

दुसरा कान डावा होता. समोरून बघितलं तर बरा होता. पण मान वळवली की तो गालाला चिकटवलेल्या बिस्किटासारखा दिसे. त्याला मागची बाजूच नव्हती. आरशात जे दिसलं नव्हतं ते तिने सपाट करून टाकलं होतं. कान डोक्यापासून किती बाहेर येतो, मागे कसा जोडलेला असतो, हे तिच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

तिने फोन मागे धरून फोटो काढले. एका फोटोत मान आली, एकात कुलर, एकात कान आला तो धुरकट. केस वर धरायला एक हात हवा, फोन धरायला एक आणि माप कळावं म्हणून कानाशी पट्टी धरायला आणखी एक. तीन हात लागत होते. व्हिडिओखाली तिने प्रश्न लिहिला, कान की पीछे की साइड कैसे बनाएँ, खुद का देख नहीं सकते. दोन दिवसांनी उत्तर आलं. लाल बदामाचं चित्र होतं.

आई गावाकडे. तिला बोलावलं असतं तर ती पहिल्या बसने आली असती, पण आईने केस आधी खाली ओढले असते. कंपनीतल्या मुलींची नावं तिने मनात एकेक करून वाचली आणि एकेक करून खोडली. उरल्या खालच्या मजल्यावरच्या रंभाबाई, घरमालकीण. त्या एकट्याच असत. दोन वर्षांत त्यांच्याशी झालेलं बोलणं पाण्याची मोटर आणि विजेचं बिल एवढंच होतं. सुरुवातीला त्या बोलत, मग बोलेनाशा झाल्या. का, ते रितिकाला कधी कळलं नव्हतं.

रविवारी सकाळी ती खाली गेली. रंभाबाई दारापुढच्या ओट्यावर सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसल्या होत्या. देठं एकीकडे, पानं एकीकडे.

"काकू, थोडं काम होतं. दहा मिनिटं वर याल?"

"मोटर बिघडली काय?"

"नाही. फोटो काढायचे होते."

रंभाबाईंनी वर पाहिलं. "माह्या हातानं? मले तं कोणाचं डोकं कापल्याबिगर फोटो येत नाही."

"डोकं नकोच आहे. कान पाहिजे."

वर खोलीत ती स्टुलावर बसली, पाठ त्यांच्याकडे. जरा वेळ तिने हात नुसते मांडीवर ठेवले. मग दोन्ही बाजूंचे केस गोळा करून डोक्यावर धरले.

कुलरचं पाणी टपटपत होतं.

"हे कवापासून वं?" रंभाबाईंनी विचारलं.

"जन्मापासून."

"आयकू येते?"

"या बाजूनं जवळजवळ नाही."

"अवं माय!" रंभाबाई पलंगावर बसल्याच. "म्हणजे तुले आयकूच येत नोतं? मी पायरीपाशी उभी राहून हाका मारो. तू जिना उतरे, माह्या दारावरून सरळ निघून जाये. मी म्हणो, पोरीले शिक्षणाची लय घमंड आहे. एकडाव सांबारवड्या केल्या तुह्यासाठी. तीन हाका मारल्या. तू पायलंही नाही."

"मग?"

"मंग काय! मीच खाल्ल्या साऱ्या. दोन दिवस पोट धरून बसली. त्या दिवसापासून हाक मारणं सोडलं."

जिना उतरताना रंभाबाईंचं दार डाव्या हाताला येई. चढताना ते उजवीकडे असे, पण संध्याकाळी त्या बुद्धविहारात गेलेल्या असत. रितिकाने जिना डोळ्यांपुढे आणला, वरून खाली, खालून वर. वळून बघण्याचं धाडस तिला झालं नाही.

"मला कुणी हाक मारत नाही असंच वाटायचं," ती म्हणाली.

"सांगाले काय झालतं? तोंड तं आहे ना सही-सलामत?" रंभाबाई उठल्या, चष्मा पदराने पुसला. "आन तो फोन. कोण्या बटनाले हात लावू?"

पहिल्या दोन फोटोंत त्यांचा अंगठा आला. मग जमलं. रितिकाने केस धरले, रंभाबाईंनी एका हाताने पट्टी धरली आणि दुसऱ्याने फोन. मागून, वरून, खालून. तोंड चालूच होतं. "घामोळ्या तं किती झाल्या मानेवर! अन् इथं कानामागं तीळ आहे वं तुले, माहीत आहे काय? हलू नको. एवढा सुंदर कान आहे, याले मागून कोणी पायलंच नाही."

पुढचे तीन आठवडे तिने मागची बाजू घडवली. शेंगदाण्याएवढ्या उंचवट्यावर बसेल अशी पोकळी ठेवली, तीळ ठेवला नाही. मग तो ठेवला. तिसऱ्या वेळी अश्विनने काही विचारलं नाही, तेव्हा तिनेच सांगितलं, "झूलॉजीचं नाही ते. माझा आहे." त्याने कान पिशवीत घालण्याआधी उजेडात धरून एकदा फिरवून पाहिला आणि मशीनने सोडलेला एक धागा कात्रीने कापून दिला.

नमुना महाविद्यालयात न्यायच्या आधी एक माप राहिलं होतं, डोक्यापासून कडेपर्यंतचं, आणि ते तिला एकटीला घेता येत नव्हतं. कान दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावून ती खाली गेली आणि ओट्यावर पाठ करून बसली.

"आधी उजवा. बारक्या रेषा मोजा, काकू."

"मोजून राहिली ना. घाई नको करू." पट्टीचा गार स्पर्श कानामागे टेकला. "एकोणीस."

"आता डावा."

रंभाबाई दुसऱ्या बाजूला सरकल्या. पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली.

"वीस."

रितिकाला बसमधला तो कंडक्टर आठवला.