माझा आवाज, आकारामचा कान

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लेथच्या दुकानातून बोलतेय. लांबीला जेमतेम हातभर, म्हणून येणारीजाणारी माणसं मला खेळणं म्हणतात. पण मी शर्यतीची गाडी आहे. दूर उभ्या माणसाच्या हातातल्या रिमोटवर मी पळते. आता बॅटरीवर पळते. पूर्वी माझ्या पोटात खरं इंजिन होतं. त्याचा पिस्टन सुपारीपेक्षाही बारका होता, पण ते सुरू झालं की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची.

मी जन्मले कुठल्या तरी परदेशी कारखान्यात. तिथलं मला काही आठवत नाही. माझा पहिला मालक पुण्याचा. त्याने दोन महिन्यांत मला दगडावर आपटून आपटून मोडलं आणि खोक्यात भरून टाकलं. ते खोकं फिरत फिरत आकारामकडे आलं.

आकाराम लेथवर काम करणारा कारागीर. पन्नाशीचा, बोलायला कमी. त्याने माझे तुकडे वर्तमानपत्रावर मांडले आणि बराच वेळ नुसता बघत बसला. जे भाग मिळत नव्हते ते त्याने स्वतः कातले. म्हणून मी म्हणते, माझं निम्मं अंग कोल्हापूरचं आहे.

मला पळवायचा उदयसिंह. आकारामचा जुना दोस्त, एसटीचा ड्रायव्हर. आठवडाभर गारगोटीच्या घाटात मोठी गाडी आणि रविवारी सकाळी मी. शहराबाहेर कागलकडे एका माळावर हौशी लोकांनी मातीचा ट्रॅक केलाय, चढ-उतार, वळणं, उड्या असलेला. उदयसिंह तिथल्या मचाणावर रिमोट घेऊन उभा राहायचा, आकाराम खाली कुंपणाला टेकून.

आकाराम ट्रॅककडे बघायचाच नाही. डोळे मिटून ऐकायचा. माझ्या इंजिनाला किती इंधन जावं हे एका स्क्रूवर ठरतं. कमी गेलं तर आवाज बारीक, किनरा होतो आणि इंजिन तापतं. जास्त गेलं तर ते भुरभुरतं आणि धूर सोडतं. बाकीची माणसं तापमान मोजायची यंत्रं घेऊन फिरायची. आकाराम मला जवळ बोलवायचा, वाकायचा, स्क्रू केसभर फिरवायचा आणि म्हणायचा, "जा आता." मी जायचे. मला वाटायचं, माझा आवाज जगात एकाच माणसाला कळतो.

नऊ वर्षं असे रविवार गेले.

मग आकाराम चुकायला लागला. थोडं, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकं. जन्मभर लेथ आणि पत्र्याच्या ठोकाठोकीत राहिलेले त्याचे कान हळूहळू जात होते. घरी टीव्हीचा आवाज मोठा झाला. गिऱ्हाईक मागून हाक मारून कंटाळायचं. त्याची बायको शालूबाई म्हणाली, "अवं, डॉक्टरला दाखवा की." तो म्हणाला, "मला काय झालंय?" मला मात्र कळलं होतं. पूर्वी तो एकदाच वाकायचा. आता दोनदा, तीनदा वाकायचा आणि उठताना त्याच्या चेहऱ्यावर शंका असायची.

त्या वर्षीच्या मोठ्या शर्यतीत सांगली-पुण्याकडच्या गाड्या आल्या होत्या. अंतिम फेरीत मी पहिली होते. माझा आवाज किनरा झाला होता. मचाणावर उदयसिंहला तो ऐकू येत होता, कुंपणापाशी उभ्या सगळ्यांना येत होता. उदयसिंह ओरडला, "आकाराम, स्क्रू सैल कर, तुझ्याकडं आत घेतो तिला." आकाराम डोळे मिटून शांत उभा होता. त्याच्या मते सगळं ठीक चाललं होतं. पुढच्या सरळ रस्त्यावर माझं इंजिन तापून जागीच अडकलं. मागच्या गाड्या मला ओलांडून गेल्या.

उदयसिंह मचाणावरून उतरला आणि चारचौघांत म्हणाला, "ऐकू येत न्हाय व्हय तुला? भैरा झालायस काय?"

तो ते रागात म्हणाला. पण म्हणताना त्याच्याच लक्षात आलं असावं, कारण पुढचं वाक्य त्याने गिळलं. आकारामने ते ओठांवरून वाचलं. त्याने मला उघड्या हाताने उचललं. इंजिन इतकं तापलं होतं की त्याची बोटं पोळली, तरी त्याने सोडलं नाही. तसाच मला काखेत घेऊन तो निघून आला.

त्यानंतर वर्षभर मी दुकानातल्या फळीवर होते. रविवार यायचा. आकाराम दुकान उघडायचा, मला खाली घ्यायचा, पुसायचा. माझं इंजिन खोलून त्याने नवा पिस्टन बसवला. चाकं बोटाने फिरवून बेअरिंग तपासायचा. सगळं तयार असायचं. पण त्याने मला सुरू केलं नाही. घड्याळात साडेआठ झाले, माळावर गाड्या जमायची वेळ झाली, की तो मला परत फळीवर ठेवायचा आणि तिथेच स्टुलावर बसून राहायचा. ते बसणं मला पोळलेल्या बोटांपेक्षा वाईट वाटायचं.

शेवटी शालूबाईंनीच उदयसिंहला फोन केला. एका रविवारी तो दुकानात आला. आकारामच्या समोर स्टूल ओढून बसला आणि सावकाश बोलला, "माझं चुकलं. चारचौघांत बोलायला नको हुतं."

"तू खरं बोललास की," आकाराम म्हणाला.

"तुला कवा कळलं?"

"दोन वर्सं आधी."

"आन मला सांगितलं न्हाईस."

आकाराम माझ्या चाकाशी खेळत राहिला. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तू दुसरा कोन तरी बघितला असतास."

उदयसिंहने पिशवीतून एक मोटर काढून टेबलावर ठेवली. बॅटरीवर चालणारी, मुठीत मावेल एवढी. "हिला कान लागत न्हाईत," तो म्हणाला. "स्प्रिंगा, शॉकअप, टायर, ते समदं तुझ्या हातात. तुझ्याइतकं ते कुनाला जमतंय?"

आकारामने ती मोटर हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग माझ्याकडे बोट केलं. "पयल्यांदा हिला एकदा सुरू कर."

वर्षानंतर माझं इंजिन पेटलं. आकारामने माझ्या अंगावर तळवा टेकला आणि डोळे मिटले. "पाव फेरा सोड," तो म्हणाला. उदयसिंहने स्क्रू सोडला. "अजून केसभर. बास." आवाज नेमका लागला होता. उदयसिंह थक्क झाला.

"मर्दा, तुला तर कळतंय की."

"हाताखाली हाय तवर कळतंय," आकाराम म्हणाला. "ती पळाया लागली की माझ्यापास्नं लांब जातीया."

त्याने स्वतःच इंजिन बंद केलं. त्याच दिवशी ते माझ्या पोटातून काढलं, तेलाचे दोन थेंब सोडले, कापडात गुंडाळून डब्यात ठेवलं. मोटर बसवायची पट्टी त्याने लेथवर कातली. काम इतकं सफाईदार झालं की मला रागही धरता येईना.

आता मी परत माळावर जाते. जोरात पळते, वळणं पूर्वीपेक्षा छान घेते, कारण आकाराम आता डोळे उघडे ठेवून माझं प्रत्येक चाक बघत असतो. तो हसतो, माणसांत बसतो. यापेक्षा अजून काय मागायचं, असं मी स्वतःला समजावते. पण मी मुकी झालेय. माझ्या चाकांखाली खडे उडतात तेवढाच माझा आवाज.

तुम्ही कधी त्या माळावर आलात तर आकारामला मागून हाक मारू नका. समोर या आणि सावकाश बोला, एवढीच माझी विनंती.

कधीकधी तिथे एखादी जुनी, इंजिनवाली गाडी येते. तिचा धूर दिसला की आकाराम उदयसिंहच्या दंडाला धरतो आणि विचारतो, "कशी वाजतीया?"

उदयसिंह कान देऊन ऐकतो. मग त्याच्याकडे तोंड करून सांगतो, "बरी हाय. पर आपल्या गाडीगत न्हाय."

मी खाली मातीत उभी असते. तेवढं वाक्य पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून मी पुढच्या रविवारची वाट बघते.