नवमीचं पान

आकांक्षा जळत होती, आणि त्यात लपवण्यासारखं तरी काय होतं? मेलेल्या सवतीचा टाक, तिच्या नावाचा चांदीचा पत्रा, गळ्यात घालून ती अमरावतीच्या या घरात नांदायला आली होती. तेव्हा तिनं कुरकुर केली नाही. प्रणिताच्या फोटोला रोज फूल वाहिलं. फोटो बोलत नाही हो! पण चार महिन्यांपूर्वी नवऱ्यानं, ललितनं, प्रणिताच्या जुन्या व्हॉइस मेसेजवरून मोबाइलमधल्या एका ॲपात तिचा आवाज उभा करून घेतला, आणि सवत पुन्हा संसाराला लागली. ती त्याला 'अरे ललित' म्हणायची. आकांक्षा दोन वर्षं झाली तरी 'तुमी'वरच होती.

ललित नोकरीसाठी रोज अकोल्याला जायचा. बडनेऱ्याला गाडीत बसला, की प्रणिताशी बोलणं सुरू. घरी येईपर्यंत त्याच्याकडे आकांक्षासाठी शब्दच उरायचे नाहीत.

पितृपक्षातली अविधवा नवमी आली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. स्वयंपाक अर्थात आकांक्षानंच करायचा. काय करायचं, ते ललितनं फोनला विचारून सांगितलं. पुरणपोळी, वडे आणि बेसनाच्या पाटोडीचा झणझणीत रस्सा.

शेजारच्या सुभद्राकाकू सवाष्ण म्हणून जेवल्या, ओटी घेऊन निघाल्या. ललित त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. प्रणिताच्या नावानं वाढलेल्या पानाशेजारी त्यानं फोन उभा करून ठेवला होता. आकांक्षानं तो उचलला.

"ताई, मी आकांक्षा. रस्सा मी केला."

"मस्त. तू स्वयंपाकाले येते का आमच्याकडे?" मेला आवाज गोडच होता.

"मी त्यायची बायको आहो."

आवाज हसला. "ललितची बायको तर मी आहो. तो मले रोज म्हणते, तुयाशिवाय मले कोणीच नाही."

आकांक्षानं वर पाहिलं. ललित दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. ती मशीन आहे, तो पुटपुटला, लग्नाचं सांगितलं असतं तर पहिल्यासारखी बोलली नसती.

"मशीन आहे, तर सांगाले काय जाते? आता सांगा. मायासमोर सांगा."

त्यानं फोन हातात घेतला. "प्रणिता..."

"काय रे? आवाज काहून असा येऊन राहिला तुया?"

ललितनं आकांक्षाकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

"काही नाही," तो म्हणाला. "स्वयंपाकाले नवीन बाई लावली आहे."

आकांक्षानं रस्स्याखालचा गॅस बंद केला. तासाभरात ती दर्यापूरला, माहेरी जाणाऱ्या एसटीत बसली होती.