बोळकीची रोपं

एका हाताने टाळी वाजत नाही, ही म्हण कोरफडीइतकी कुणालाच लागू पडत नाही. फुलांचे दांडे कितीही येऊ देत, स्वतःच्या परागावर तिला बी धरत नाही. जवळपास दुसरं झाड फुललेलं लागतं. आणि बाईंच्या अंगणातली ही कोरफड तर तिच्या जातीची एकटी. पानांच्या कडांना एकही दात नाही, म्हणून बाईंच्या नवऱ्याने तिचं नाव बोळकी ठेवलं होतं.

त्या बोळकीला पहिल्याच फुलोऱ्यात बोंडं धरली.

नवरा आणि धाकटा दीर मिळून कमी पाण्याच्या बागा करून द्यायचे. लोकांची लाडकी हिरवळ उपटायची, खडी अंथरायची आणि उन्हाला भीक न घालणारी झाडं लावायची, हा धंदा. कुठूनशा आलेल्या चिमूटभर बियांतून बोळकीची दोनच रोपं जगली आणि त्यांच्यावरून भावाभावांत जुंपली. मग एका सकाळी नवरा एक कुंडी घेऊन घराबाहेर पडला, तो परत आलाच नाही. दीर म्हणाला, दादाला मीच स्टँडवर सोडलं. कुंडी मांडीवर घेऊन लांबच्या गाडीत बसला, आता परतायचं नाही म्हणाला. गल्लीला एवढं पुरेसं होतं. दोन दिवसांत गल्लीने त्याच्या शेजारच्या सीटवर एक बाईसुद्धा बसवून दिली.

त्याला पाच वर्षं झाली. 'टाकलेली' हा शब्द कुणी बाईंच्या तोंडावर उच्चारला नाही, पण मागे कुजबुजलेलं ऐकू येतंच. माझ्यात असं काय कमी होतं, हा एकच प्रश्न त्यांना आतून पोखरत राहिला. दीर मात्र देवमाणूस. दर रविवारी यायचा, ठिबकच्या नळ्या साफ करायचा, चहा पिऊन जायचा.

बोंडं दिसली तेव्हा त्याने एक चिमटीत धरून पाहिलं. मग म्हणाला, बागेतल्या दुसऱ्या एखाद्या कोरफडीचा पराग लागला असेल, संकर निघेल, कशाला जागा अडवायची. बाईंनाही ते पटलं. तरी बी टाकून देववेना. कागदासारखं हलकं ते बी त्यांनी श्वास रोखून जाड वाळूवर पेरलं, वरून चिमटीने बारीक खडी भुरभुरली, ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल चढू दिली आणि वर काच ठेवली. रोपं आली. संकर असेल तर पानांना दात येणार, कारण बागेतली बाकी झाडून सगळी जात दातवाली.

वर्षभर बाई पानांच्या कडांवरून बोट फिरवत राहिल्या. एकाही रोपाला दात आला नाही. ही अस्सल रोपं होती. लांबच्या गाडीतून गेलेलं ते दुसरं झाड पराग वाहून आणणाऱ्या एखाद्या पक्ष्याच्या टप्प्यात कुठेतरी फुलत होतं.

बोळकी पुन्हा फुलली तेव्हा बाई सकाळपासून पायरीवर बसून राहिल्या. एक शिंजीर पक्षी यायचा, दांड्याला लटकून मध प्यायचा आणि भिंतीवरून निघून जायचा. परत यायचा तेव्हा कपाळावर ताजा पिवळा पराग असायचा. प्रत्येक वेळी तो एकाच दिशेला जात होता. बाई चपला घालून निघाल्या. दोन घरं ओलांडली, तिसरं दिराचं. मागच्या अंगणात फार पसारा आहे म्हणून तो कधी कुणाला तिकडे नेत नसे.

भर दुपार होती, सावल्या पायाखाली आल्या होत्या. बाजूच्या बोळातून बाई मागे गेल्या. पसारा कसला, अंगण लख्ख झाडलेलं होतं. त्या उन्हाळ्याने तिथली सगळी झाडं आखडली होती, करपली होती. मधोमध खडीचा एक लांबट उंचवटा होता, कडेने गोल दगड नीट बसवलेले. त्यावर बोळकी होती. बाईंच्या झाडाच्या तिप्पट, पानं रसाने टरटरलेली, चारी बाजूंनी दांडे. शिंजीर तिथेच लटकला होता.

दीर नळाशी कुंड्या धूत होता. बाईंना पाहून त्याने नळ बंद केला. तो रागावला नाही, घाबरलाही नाही. इतकी वर्षं कुणाला तरी हे झाड दाखवायचं राहून गेल्यासारखा तो पुढे आला.

"कुंडीत जगेना ते," तो म्हणाला. "आणि टाकवेना. तुम्हीच सांगा वहिनी, असं झाड कोण टाकून देईल?"

त्या झाडाच्या तजेल्याकडे पाहता पाहता बाईंच्या तोंडून धंद्यातला नेहमीचा प्रश्न निघून गेला.

"पाणी किती घालता, भाऊजी?"

"लावल्यापासून एकदाही नाही," दीर म्हणाला. "त्याला लागलंच नाही."

बाईंनी उंचवट्याची लांबी पाहिली. माणूस आडवा झोपला तर जेवढा होईल तेवढीच होती.

भीती नंतर आली आणि संतापही नंतरच आला. सगळ्यात आधी बाईंच्या छातीवरची सहा वर्षांची शिळा उतरली. तो गेला नव्हता. कुठल्या गाडीत बसला नव्हता, कुणासाठी त्यांना टाकून गेला नव्हता. दोन घरांपलीकडे होता. बाई खडीवर मटकन बसल्या आणि रडू लागल्या, आणि ते रडू सुखाचं आहे हे कळलं तेव्हा त्यांना दिरापेक्षा स्वतःचीच जास्त भीती वाटली.