दारावरची डॉक्टर ओशा

‘तेव्हा तुम्हांला नेमकी कशाची भीती वाटत होती?’

पत्रात एवढाच प्रश्न होता. बाकी दोन ओळी आभाराच्या. त्या पत्राला मी कधी उत्तर पाठवलं नाही. ते मांडीवर घेऊन मी केबिनमधल्या पलंगाच्या कडेला बसलो होतो. जहाज त्या दुपारी जरा जास्तच डोलत होतं. टेबलावरचा पाण्याचा पेला इकडून तिकडे घसरत होता आणि प्रत्येक वेळी काठाशी येऊन थांबत होता. दाराच्या फटीत मी माझा एक बूट अडकवून ठेवला होता. बंद दार उघडलंच नाही तर काय, ही धास्ती मला डुलुथ गावच्या माझ्या घरातही असते, समुद्रावर तर विचारायलाच नको.

या सफरीला मी आपणहून आलो नसतो. ‘सातवा दीप’ ही अंतराळातल्या एका ठाण्याची टीव्ही मालिका आमच्या तरुणपणी तीन वर्षं चालली आणि बंद पडली. तिच्यावर जीव टाकणारे आम्ही लोक मात्र बंद पडलो नाही. आमचं एक छोटं मासिक निघायचं, त्यात मी लिहायचो. क्लीव्हलँडची बसचालक वांडा कोझलोव्स्की त्यातूनच ओळखीची झाली. मालिकेतले हयात कलाकार फ्लोरिडाहून निघणाऱ्या जहाजावर येणार, आठवडाभर आमच्यात राहणार, असं ठरलं तेव्हा तिनं मला फोन केला होता. “हॉलिस, मरायच्या आधी एकदा तरी घराबाहेर पड. शवपेटीतून काय बघणारेस?”

आल्या आल्या तिनं माझं दार सजवलं. अशा सफरींवर सगळेच सजवतात. दारं लोखंडी असतात, लोहचुंबकानं हवं ते चिकटवता येतं. माझ्या दारावर तिनं डॉक्टर ओशाचं मोठं चित्र लावलं, खाली पाटी, ‘औषधकक्ष. टकटक न करता आत या.’ मी लाजेनं अर्धमेला झालो होतो. काढून टाक म्हणायचाही धीर झाला नाही.

डॉक्टर ओशाचं काम केलं होतं लेनोरा टिलमन यांनी. मांडीवरचं पत्र त्यांचंच. ते आलं तेव्हा मी तेविशीत होतो. वाचनालयाच्या तळघरात फाटकी पुस्तकं शिवायचं काम करत होतो. वर काउंटरवर बसवलं तेव्हा आठवडाभरातच विनवण्या करून मी ते तळघर मागून घेतलं होतं. मालिकेच्या एका भागात ठाण्यावरची वीज जाते आणि काळोखात डॉक्टर ओशा म्हणते, “दिवे विझलेत. आपण अजून आहोत. आवाज द्या.” मग एकेक जण आपलं नाव सांगतो. मी त्यांना लिहिलं होतं की त्या प्रसंगानं मला एका भीतीतून बाहेर काढलं. त्यांनी स्वतःच्या हातानं उत्तर लिहून कशाची भीती ते विचारलं. तिथंच माझं अडलं.

तर त्या दुपारी बूट सरकला आणि दार उघडलं. वांडा असेल असं वाटून मी पत्र उशीखाली सारायला गेलो.

वांडा नव्हती. निळा अंगरखा, पांढरे केस नीट वर बांधलेले, हातात वाचनाचे कागद. मला न विचारता त्या आरशासमोरच्या खुर्चीवर बसल्या.

“घंटा झाली का?”

मी उशी पत्रावर दाबली.

“तुम्ही नवीन दिसता. ते आधीचे कुठं गेले? टकले?”

“माहीत नाही, मॅडम.”

“बरं झालं. फार केस ओढायचे माझे.” त्यांनी मान मागं टेकली आणि डोळे मिटले. मी काहीतरी करावं अशी त्यांची अपेक्षा होती. काय, ते मला कळेना. आत्ता कोणी आलं तर, हा माणूस लेनोरा टिलमनला खोलीत घेऊन बसलाय असंच म्हणणार. आणि दार लावलं तर त्याहून वाईट. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो.

जहाज कलंडल्यासारखं झालं. पेला पडला. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“मी हलतेय की हे?”

“जहाज हलतंय.”

“जहाज,” त्या म्हणाल्या. नवा पदार्थ तोंडात घोळवावा तसा तो शब्द त्यांनी पुन्हा म्हटला. मग आरशात माझ्याकडे पाहिलं. डोळे बदलले होते. “हा मेकअपचा कक्ष नाही, होय ना?”

“नाही.”

“बाहेर माझं चित्र आहे.”

“ते वांडानं लावलंय. आमच्यात तशी पद्धत आहे. माफ करा.”

“किती वेळ चालत होते मी. सगळी दारं सारखी. कुणाला विचारायचं म्हणजे आधी आपण कुठं निघालोय ते ठाऊक हवं. मग मी दिसले. म्हटलं, चला, आलं आपलं.” त्या हसल्या, पण मनगट सोडलं नाही. बोटं गार होती. “कोणाला सांगू नका हं.”

“नाही.”

त्यांची नजर पलंगावर गेली. उशीखालून पत्राचा कोपरा बाहेर आला होता. त्यांनी ते ओढून घेतलं आणि लांब धरून वाचलं.

“अक्षर माझं आहे.”

“हो.”

“कुणाला लिहिलं मी हे?”

“मला.”

“मग? कशाची वाटत होती?”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात बाहेरच्या बोळात कोणी धावत आलं.

“आत्या! अगं कुठं कुठं शोधलं तुला!” त्यांची भाची रोझलिन. पन्नाशीची, दम लागलेली. पहिल्या दिवसापासून ती त्यांच्या सावलीसारखी होती. मला पाहून तिचा चेहरा कठीण झाला. “तुम्ही कोण? इथं काय चाललंय? फोन दाखवा तुमचा.”

मी खिशातून काढून दिला. घडीचा, जुना. तिनं उघडून पाहिला.

“याला कॅमेरा तरी आहे का?”

“असेल. मी कधी वापरला नाही.”

ती मला बोळात घेऊन गेली आणि हळू आवाजात बोलू लागली. “हे बघा. आज संध्याकाळी ती स्टेजवर वाचणार आहे. शेवटचं. मी नको म्हणतेय, ती ऐकत नाही. लोकांनी मला म्हातारी म्हणावं, म्हणते, बिचारी म्हणू नये. तुमच्यातल्या एकाला जरी सुगावा लागला ना, तर सगळे फोन वर करून बसतील. तिची कुठं जीभ अडखळते त्याची वाट बघत. आणि तिला ते कळेल. तिला सगळं कळतं हो, तेच तर वाईट आहे.”

“मी कोणाला सांगणार नाही.”

“सगळे असंच म्हणतात.”

“रोझलिन,” आतून आवाज आला. हा आवाज मी ओळखत होतो, थेट औषधकक्षातला. “त्यांच्यावर ओरडू नकोस. घाबरलेत ते.”

त्या गेल्यावर मी फरशीवरचं पाणी पुसलं. जेवणाच्या टेबलावर रोज एक कलाकार येऊन बसतो, अशी या सफरीची रीत. पहिल्याच रात्री आमच्या टेबलावर लेनोरा टिलमन यायच्या होत्या, पण थकल्याचा निरोप आला होता, आणि वांडा सर्वांदेखत म्हणाली होती, “भाव खातेय म्हातारी.” सगळे हसले होते. मीही थोडा हसलो होतो. एवढंसं कारण मिळालं तरी हे सहाशे लोक काय बोलतील, ते मी पहिल्याच दिवशी ऐकलं होतं.

संध्याकाळी नाट्यगृह खचाखच भरलं होतं. सगळीकडे निळे गणवेश, कोणाचे चांदीचा रंग फासलेले चेहरे. वांडाच्या गणवेशाचं पोटावरचं बटण लागत नव्हतं, तिथं तिनं पिन लावली होती.

“काय रे, पांढराफटक पडलायस. ओकारी येत असेल तर त्या बाजूला जा, माझे बूट नवे आहेत.”

“बरा आहे मी.”

“बरा म्हणे. थरथरतोयस. अरे, तिला लांबून बघायचंय फक्त, लग्न नाही करायचं.”

पाच जण खुर्च्यांवर बसून जुना भाग वाचू लागले. लेनोरा टिलमन कागदावरून बोट फिरवत वाचत होत्या. आवाज स्वच्छ होता. एकदा त्या दुसऱ्याचं वाक्य वाचून गेल्या. लोकांना तो विनोद वाटला, टाळ्या पडल्या. बाजूच्या पडद्याआड रोझलिनची सावली उभी होती. वीज जाण्याचा प्रसंग जवळ येत होता, आणि आमच्या लोकांनी तिथं काय करायचं ठरवलेलं असतं ते मला ठाऊक होतं. इतक्या वर्षांची प्रथा आहे. नाट्यगृहातले सगळे दिवे घालवतात. डॉक्टर ओशा काळोखात ती ओळ म्हणते आणि मग प्रत्येकानं आपलं नाव ओरडायचं. कागदाची गरज कुणाला असणार? ती ओळ आमच्यातल्या लहान पोरालाही झोपेत येते.

दिवे गेले.

“दिवे विझलेत,” त्या म्हणाल्या.

मग शांतता. त्या जागी त्यांचा विराम प्रसिद्धच आहे. लोक खूश होऊन वाट पाहत राहिले. विराम वाढला. कागदांची सळसळ ऐकू आली, एक कागद खाली पडला. जहाज कुठंतरी खोलवर करकरलं. माझ्या पुढच्या रांगेत एक फोन उजळला, त्याच्या शेजारी दुसरा. आणि मग स्टेजवरून एक बारीक आवाज आला. तो डॉक्टर ओशाचा नव्हता.

“रोझलिन?”

मी उभा राहिलो. पाय कसे उचलले ते मला सांगता येणार नाही. शाळेतसुद्धा मी कधी उभा राहून उत्तर दिलं नव्हतं.

“दिवे विझलेत,” मी ओरडलो. माझा आवाज चिरकला. “पण काळजीचं काही कारण नाही!”

एकच गदारोळ उठला.

“चूक! चूक!”

“कोण आहे रे तो?”

“ए आजोबा, खाली बसा!”

“हॉलिस?” वांडा काळोखात किंचाळली. “हॉलिस, तू?”

आमच्या लोकांना सगळं सहन होतं, चुकलेली ओळ होत नाही. सहाशे माणसं एकदम, दात-ओठ खाऊन, हसत, मला शिकवल्यासारखी गरजली, “आपण अजून आहोत! आवाज द्या!” सगळे फोन माझ्याकडे वळले होते. त्या उजेडात मी डोळ्यांवर हात धरून उभा होतो.

आणि गोंगाट विरता विरता स्टेजवरून, अगदी सावकाश, त्यांचा आवाज आला.

“आपण अजून आहोत. आवाज द्या.”

नावांचा पाऊस पडला. “वांडा कोझलोव्स्की, क्लीव्हलँड!” माझ्या कानाशी फुटलं. पुढून, मागून, वरच्या सज्जातून माणसं आपापलं नाव ओरडत होती. माझं नाव मात्र घशातच राहिलं. दिवे आले तेव्हा लेनोरा टिलमन ताठ बसल्या होत्या. पुढचं पान त्यांनी न अडखळता वाचलं.

मी ते मुद्दाम केलं का? मला खरंच ठाऊक नाही. बरोबर ओळच म्हणायला उठलो असेन आणि भीतीनं ती उडून गेली असेल, हेही अगदी शक्य आहे. मी तसाच माणूस आहे.

सकाळी न्याहारीला गेलो तर चांदीच्या चेहऱ्याचा एक तरुण अंड्याची बशी हातात धरून मला म्हणाला, “काळजीचं काही कारण नाही, आजोबा!” आणि सगळी रांग हसली. माझ्या दारावर डॉक्टर ओशाच्या खाली कोणीतरी तेच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून लावलं होतं. उरलेली सफर मी त्याच नावानं ओळखला गेलो.

“इतकी वर्षं मासिकात दुसऱ्यांच्या चुका काढल्यास,” वांडा म्हणाली. “आणि तीच ओळ? तीच? मला शेजारी बसायची लाज वाटली रे.”

“भीती वाटली, वांडा.”

“कशाची भीती? आपलीच तर माणसं होती!” मग तिनं माझ्या बशीत आपल्याकडचा पावाचा तुकडा टाकला. “खा. आणि ती म्हातारी पाहिलीस? काय बोलली! भाव खात नव्हती, तयारी करत होती ती. मी शब्द मागं घेते.”

मी पाव खाल्ला.

शेवटच्या दिवशी फ्लोरिडाच्या बंदरात उतरायच्या रांगेत रोझलिन मला शोधत आली. मागं चाकाच्या खुर्चीत लेनोरा टिलमन होत्या, काळा चष्मा लावून. चाहते अंतर ठेवून हात हलवत होते, त्याही हलवत होत्या. रोझलिननं माझे आभार मानले नाहीत. मानले असते तर मी कुठं पाहिलं असतं कोण जाणे.

“तिला परवाचं वाचन आठवत नाही,” ती म्हणाली. “म्हणते, झालं का गं ते? पण तुमच्या खोलीतलं एक डोक्यात बसलंय. सारखं विचारते, त्या मुलानं उत्तर दिलं का?” तिनं एक चिठ्ठी माझ्या हातात ठेवली, वर पत्ता होता. “आलं तर वाचून दाखवीन. रोज दाखवावं लागेल बहुतेक.”

बंदराच्या इमारतीतून मी जहाजाचं चित्र असलेलं एक कार्ड आणि टपालाचं तिकीट घेतलं, आणि बाहेर बाकावर बसून चिठ्ठीवरचा पत्ता त्यावर उतरवला. ऊन डोळ्यांवर येत होतं, लोक सामानाच्या चाकांचा खडखडाट करत जात होते, वांडा टॅक्सी थांबवून माझ्या नावानं ओरडत होती. मी लिहिलं, ‘माणसांची. अजूनही वाटते.’ पुढं काही सुचेना. मग खाली माझं नाव लिहिलं, हॉलिस वेंट, डुलुथ. नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात.

कोपऱ्यावर निळी टपालपेटी होती. कार्ड आत सोडलं, झाकण खणकन मिटलं. दोन पावलं गेलो, परत आलो, आणि कुठं अडकलं तर नाही ना म्हणून झाकण उघडून पाहिलं. आत पडलं होतं.