गुरुवारची कुरकुर

गुद्रुनने झेंड्याच्या काठीची गाठ सोडली आणि दोरी खाली ओढायला घेतली. झेंडा निम्म्यावर आला तशी मागून विगोने दोरी धरली.

"तिथे नको थांबवूस," तो म्हणाला. "निम्म्यावरचा झेंडा मार्चमध्ये बघून झालाय."

"मग पुरता उतरवू दे. आपल्या घरी कोण पास झालंय?"

"चोवीस जण," विगो म्हणाला, आणि त्याने झेंडा पुन्हा वर चढवला.

शाळेची शेवटची परीक्षा झाली की पांढऱ्या टोप्या घातलेली पोरं बीच झाडाच्या फांद्यांनी सजवलेल्या ट्रकमध्ये चढतात, वर्गातल्या प्रत्येकाच्या दारी वीस वीस मिनिटं थांबतात, खातात, पितात आणि पुढचं दार गाठतात. या वर्गाला यंदा एक दार जास्तीचं हवं होतं. त्यांच्या गणिताच्या बाईंच्या आईबापांचं. त्यांची लेक टिल्डे, जिला वर्ग नावानेच हाक मारायचा, मार्चमध्ये गेली, बत्तिसावं लागायच्या आत. मुलांचा फोन आला तेव्हा विगोने बायकोला न विचारताच हो म्हणून टाकलं होतं.

पोरांना खाऊ घालायला गुद्रुनची ना नव्हती. तिला भीती होती ती एका वाक्याची. दफनाच्या दिवशी चर्चच्या दारात माणसामागून माणूस तिचा हात धरून तेच म्हणालं होतं, सदा हसतमुख होती हो तुमची लेक. खोटं नव्हतं ते. तीन वर्षं कॅन्सर अंगावर वागवत पोरगी भर हिवाळ्यात समुद्रात पोहली. जानेवारीत शाळेच्या समारंभात, डोक्यावर केस नसताना, लाल रेशमी झगा घालून चौकडीचा जुना नाच शेवटच्या फेरीपर्यंत नाचली. दर रविवारी आईकडे हसत जेवायला आली आणि हसत गेली. पण ओझं वाहणारा माणूस कुठेतरी ते टेकवतोच. आईच्या दारी टेकवलं नाही, मग कुठे टेकवलं? दोन खोल्यांच्या त्या घरात, एकटीने, उशीत तोंड खुपसून? हा विचार मार्चपासून तिच्या काळजात कुसळासारखा रुतून बसला होता. काढायला जावं तर आणखी आत जाई. आज तेच वाक्य चोवीस तोंडांनी ऐकणं तिच्याने होणार नव्हतं.

ट्रकचा भोंगा आधी ऐकू आला, मग घोगऱ्या गळ्यांचं गाणं, मग हिरव्या फांद्यांमधून पांढऱ्या टोप्या. पोरं गवतावर उड्या टाकून उतरली. विगो प्रत्येकाला गणितात किती पडले ते विचारत होता आणि कमी सांगणाऱ्याला बियर जास्त देत होता. गुद्रुन स्वयंपाकघरात काळा पाव कापत राहिली. बाहेर पाव भरपूर होता.

एक उंच मुलगी संडास कुठे म्हणून विचारत आत आली. परत जाताना नळाशी थांबली, पेलाभर पाणी प्यायली, आपलं नाव आल्बेर्टे म्हणून सांगितलं, आणि मग नुसतीच उभी राहिली.

"सांगून टाक," गुद्रुन सुरीवरची नजर न काढता म्हणाली. "सदा हसतमुख होती म्हणून सांग, आणि जा. तुझे मित्र खोळंबले असतील."

"कोण, टिल्डे?" मुलीने पेला खाली ठेवला. "गुरुवारी तर नाही."

सुरी थांबली.

आल्बेर्टेने मग अडखळत सांगितलं. दीड वर्षामागच्या एका गुरुवारी टिल्डे फळ्यावर गणित सोडवता सोडवता फळ्याखालीच जमिनीवर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. वर्ग गार पडला. शेवटी माल्थे, ज्याला गणित कधी धड आलं नाही, तो म्हणाला, जाऊ दे गं टिल्डे, मलाही नाही येत ते. ती रडता रडता हसली, बाहीला नाक पुसलं, आणि तेव्हापासून गुरुवारच्या तासाची शेवटची दहा मिनिटं कुरकुरीची ठरली. ज्याला जे डाचतंय ते त्याने बोलायचं. नियम एकच, कुणी कुणाला धीर द्यायचा नाही.

"सगळ्यात जास्त कुरकुर तीच करायची," आल्बेर्टे म्हणाली. "डॉक्टरचे हात गार असतात. औषधाने तोंडाला लोखंडाची चव येते. माल्थेला भागाकार येईपर्यंत मरताही येत नाही. कधी शिव्या द्यायची, कधी नुसती रडायची. आम्ही पण रडायचो. आणि..." ती थांबली. "तुमच्याबद्दलही असायचं."

"माझ्याबद्दल?"

"तुम्ही तिच्या ताटाकडे बघत बसता म्हणायची. घास न् घास. मग ती दोनदा वाढून घ्यायची, आणि परत जाताना वाटेत गाडी थांबवून ओकायची."

गुद्रुन खुर्चीवर बसली.

"मग यायची कशाला दर रविवारी?"

"आम्हीही तेच विचारलं. तर म्हणाली, तिथे मला आजारपणापासून सुट्टी असते."

गुद्रुनचे खांदे हलायला लागले. मुलगी घाबरून पुढे झाली, पण म्हातारी हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसत होती.

"आणि मी मेली शेजारणीला सांगायची," ती कसंबसं म्हणाली, "की माझ्या हाताला चव आहे."

बाहेर भोंगा वाजला. वीस मिनिटं झाली होती. ट्रकचं इंजिन घरघरायला लागलं आणि पोरं एकेक करून विगोचा हात हातात घेऊ लागली. गुद्रुन स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून बाहेर आली आणि ती तिने थेट गवताच्या मधोमध मांडली. टोपी हातात घेऊन एक सभ्य पोरगा तिच्यासमोर आला.

"टिल्डे नेहमी इतकी..."

"ते राहू दे," गुद्रुन म्हणाली. "गुरुवारचं सांगा. माझ्याबद्दल आणखी काय काय म्हणायची?"

सगळे आल्बेर्टेकडे बघायला लागले. आल्बेर्टे स्वतःच्या बुटांकडे बघत होती. ड्रायव्हरने घड्याळ दाखवलं, अजून दोन घरं राहिली होती. विगोने एकदा बायकोच्या ओल्या तोंडाकडे पाहिलं, मग हेरिंग माशांची अख्खी ताटली उचलून ड्रायव्हरच्या खिडकीतून आत दिली. इंजिन बंद झालं.

मागून एक धिप्पाड पोरगा वाट काढत पुढे आला. हाच माल्थे असणार.

"स्वयंपाकाबद्दल म्हणायची ते," त्याने जपून विचारलं, "की गाडी चालवण्याबद्दल?"

गुद्रुनने एप्रनला हात पुसले आणि खुर्चीत नीट टेकून बसली.

"आधी स्वयंपाक," ती म्हणाली.